मेंदूत दोन गाठी म्हणजे कॅन्सर पसरला?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत एमआरआय काढून घेणाऱ्याच्या हाती रिपोर्ट पडायच्या आधी हा मेसेज कुणीतरी पाठवलेला असतो : ‘मेंदूत दोन गाठी म्हणजे कॅन्सर पसरला. चाकू लागला की तो भडकतो. साधी गाठ असेल तर हातच लावू नका. काढायचीच असेल तर दोन्ही एकदम काढा, नाहीतर उरलेली झपाट्यानं वाढते.’

कॅन्सर मेंदूत पसरला तर तिथं अनेक गाठी होऊ शकतात, हे खरं. म्हणूनच डॉक्टर ती शंका आधी तपासतात. पण मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिन्जिओमा आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीतला अ‍ॅडेनोमा या दोन गाठी एकाच माणसात सापडू शकतात, आणि दोन्ही बहुधा साध्याच, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात. कधी मेनिन्जिओमाच दोन-तीन असतात. दोन्ही बाजूंच्या कानाच्या नसांवर गाठी असतील, तर मात्र एनएफ-२ या जनुकीय आजाराचा विचार करून घरच्यांनाही तपासावं लागतं.

चाकूनं साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. यावर आणखी काय बोलायचं!

‘साधी’ गाठ डोळ्याच्या नसेवर दाबत असेल तर दृष्टी जाऊ शकते. कवटीत तिला वाढायला वेगळी जागा नसते. उलट, काहीच त्रास न देणारा लहान मेनिन्जिओमा पुष्कळदा ठरावीक काळानं एमआरआय करून नुसता पाहत राहतात. मेसेज इथं चुकून अर्धा बरोबर आहे.

सगळ्यात घातक सल्ला ‘दोन्ही एकदम’चा. दोन्ही गाठी शेजारी असतील आणि एकाच वाटेनं, समजा नाकातून दुर्बिणीनं, पोचता येत असेल, तर एकत्र काढण्याचा विचार होतो. एक कपाळामागे आणि दुसरी पिट्युटरीत असेल, तर जी दृष्टी किंवा जीव धोक्यात आणते तिचा नंबर पहिला. शिवाय पिट्युटरीतली गाठ प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) बनवणारी निघाली, तर ती बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आक्रसते, ऑपरेशन एकाच गाठीचं उरतं. म्हणून हार्मोनच्या तपासण्या आधी हव्यात. पिट्युटरीतल्या गाठीमुळं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण सोसायला लागणारं हार्मोन, कमी असताना ते भरून न काढता भूल दिली, तर रक्तदाब कोसळू शकतो, मग ऑपरेशन कुठल्याही गाठीचं असो. आणि एक काढली म्हणून दुसरी चवताळत नाही. ती आपल्या चालीनंच वाढते.

घाई वाटत असेल तर मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटीत किंवा मिहानच्या एम्समध्ये न्यूरोसर्जनचं दुसरं मत घ्या. जाताना एमआरआयची सीडीही न्या, नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून गाठींचा क्रम ठरत नाही.