आधी तारीख ठरवा, डिस्नेलँड नंतर

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की खान्देशातल्या घराघरात एकच विषय निघतो, "कुठेतरी जाऊ या." पूर्वी ही धाव तोरणमाळ, फार तर सापुताऱ्यापर्यंत होती. आता पोरं सरळ डिस्नेलँड म्हणतात आणि बापही "बघू" म्हणून टाळत नाहीत, मोबाइलवर विमानाचे दर काढून बसतात. चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की मे महिन्यात जाऊ नका. पार्क कुठलं, हॉटेल कुठलं, पॅकेज कुणाचं, हे सगळं मागाहून.

आमच्या घरी हाँगकाँग ठरलंय. कौतुक सगळ्यात जास्त टोकियोचं ऐकू येतं. ते १९८३चं, अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नेलँड. पण तिथे व्हिसा, शांघायलाही व्हिसा. फ्लोरिडातल्या डिस्नेचं नाव आम्ही आप्पांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, काढलंसुद्धा नाही. हाँगकाँगला भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त आधी ऑनलाइन नोंदणी करायची, तीही फुकट. मुंबईहून थेट विमानाला सहा तासांच्या आसपास लागतात. अमळनेरहून खान्देश एक्स्प्रेसने मुंबई गाठायला याहून जास्त वेळ जातो.

तर मे महिना. आपल्याला वाटतं, भुसावळचं ऊन झेललेल्या माणसाला तिथले तीस अंश काय करणार? पण आपलं ऊन कोरडं असतं. डोक्याला उपरणं बांधलं, सावलीला उभं राहिलं की जीव थाऱ्यावर येतो. तिथे सावलीतही अंगाला शर्ट चिकटलेलाच. वर पाऊस. हाँगकाँगचा पावसाळा मेपासूनच जोर धरतो आणि जून हा वर्षातला सगळ्यात जास्त पावसाचा महिना. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. पुढे वादळांचा हंगाम असतो. तिथल्या वेधशाळेने ८ नंबरचा इशारा दिला की शाळा, कचेऱ्या, बससेवा सगळं थांबतं, तिथे पार्कचं काय घेऊन बसलात!

माझा साडू मागे जूनमध्ये कुटुंबाला घेऊन गेला होता. त्याच्या फोनमध्ये किल्ल्यापुढचा फोटो आहे. सगळ्यांच्या अंगात पारदर्शक प्लास्टिकचे रेनकोट, पोरीचे केस कपाळाला चिकटलेले आणि मागे किल्ल्याचा कळस ढगात. तो म्हणतो मजा आली. त्याची बायको काही बोलत नाही.

गर्दीचंही गणित आहे, आणि ते आपल्या कॅलेंडरवर चालत नाही. चीनमध्ये १ मेपासून कामगार दिनाची सुट्टी असते, १ ऑक्टोबरपासून राष्ट्रीय दिनाची आठवडाभराची, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष. या दिवसांत अख्खा दक्षिण चीन हाँगकाँगकडे लोटतो. तिकिटाचा दरही तारखेप्रमाणे बदलतो. गर्दीच्या दिवशी महाग, आडदिवशी स्वस्त. म्हणजे चुकीच्या दिवशी गेलात तर पैसेही जास्त आणि रांगाही जास्त.

आता आपलं कॅलेंडर शेजारी ठेवा. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ला. चीनची ऑक्टोबरची सुट्टी केव्हाच आटोपलेली, पाऊस संपलेला, हवा कोरडी आणि बावीस-पंचवीस अंशांची. आपल्याकडे सहामाही परीक्षा उरकलेली. मेमध्ये आपल्याला तरी कुठे सवड असते? अखाजीला लेकी माहेरी आलेल्या, मग लग्नसराई, रोज एक हळद आणि एक जेवण. नात्यातलं लग्न सोडून डिस्नेलँडला गेलात तर ते पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल, हे मी लिहून देतो. म्हणून भाऊबीज करून निघायचं. शनिवार-रविवार प्रवासात आणि शहरात घालवायचे, पार्कसाठी सोमवार-मंगळवार धरायचा. शाळा दोन दिवस बुडाली तर बुडू द्या. शिक्षक मंडळी रागावतील, पण खासगीत तेही हेच करतात.

आप्पांची हरकत वेगळी होती. दिवाळीत कापूस वेचणीला आलेला असतो, मजूर मिळत नाहीत आणि हा म्हणतो परदेशात चला! हरकत रास्त आहे, कापूसवाल्या प्रत्येक घरात ती निघेल. पण अखाजीला सालदार, म्हणजे वर्षभराचा शेतगडी, ठरवतो तो कशासाठी? आमचा सालदार आप्पांपेक्षा चांगली वेचणी करून घेतो. आप्पांना हे ठाऊक आहे, ते कबूल मात्र करणार नाहीत.

तारीख पक्की झाल्यावर दुसरा मुद्दा, राहायचं कुठे. आपल्याकडे जी पॅकेजं विकली जातात त्यात हाँगकाँग, मकाव, जमलं तर शेन्झेनही कोंबलेलं असतं आणि डिस्नेलँडच्या वाट्याला एक दिवस येतो. तोही पुरता नाही. सकाळी नाश्ता, सगळ्यांची हजेरी, बस, मग पार्कात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर. आणि संध्याकाळी ‘इंडियन डिनर’ची वेळ झाली की गाइड झेंडा हलवतो. किल्ल्यावरचा दिव्यांचा आणि कारंज्यांचा खेळ अंधार पडल्यावर होतो, नेमका तोच हुकतो. एका एजंटला मी हे विचारलं तर म्हणाला, "साहेब, यूट्यूबवर आहे ना."

त्यापेक्षा मकाव सोडा आणि दोन रात्री पार्कच्याच हॉटेलात राहा. तिथे अशी तीन हॉटेलं आहेत. महाग आहेत, हाँगकाँगचा एक डॉलर आपल्याला अकरा रुपयांच्या वर पडतो, हिशेब केला की छातीत धस्स होतं. पण म्हातारी माणसं आणि लहान पोरं बरोबर असतील तर या पैशाने दुपारची झोप विकत मिळते. सकाळी पार्क, बाराला खोलीवर, चारला परत. आप्पा पाय मोकळे सोडून पडतील, धाकटा झोपेल आणि रात्रीच्या खेळापर्यंत कुणी रडायचं नाही. पार्क लांताऊ बेटावर आहे आणि विमानतळ त्याला लागूनच, त्यामुळे सामान घेऊन शहरभर हिंडायलाही नको. मेट्रोने यायचं तर सनी बे स्टेशनला गाडी बदलायची. पुढच्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या तोंडाच्या आकाराच्या आहेत, पोरांचा पार्क तिथूनच सुरू होतो. माय आणि आप्पांसाठी त्याच बेटावरची बुद्धाची मोठी मूर्ती धरली आहे. रोपवेने वर जायचं, मग २६८ पायऱ्या. आप्पा चढतील. मायला खालूनच दर्शन.

पोरांची उंची निघण्याआधी घरीच मोजा. ग्रिझली नावाच्या खाणगाडीला ११२ सेंटिमीटर लागतात, अंतराळातल्या अंधाऱ्या राइडला १०२. तिथे पट्टी लावून उभे असतात, "बस जाऊ द्या ना साहेब" चालत नाही. आमचा धाकटा ग्रिझलीतून बाद आहे. त्याला हे आताच सांगून ठेवलंय, रडायचं ते इथे रडून घेईल.

आणि कागदपत्रं. यात आपल्याकडे घोळ ठरलेला. हाँगकाँगच्या नोंदणीत नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच भरावं लागतं. आपण पासपोर्टवर बहुतेक वेळा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र लिहिलेलं असतं, फॉर्म भरताना मात्र नुसतं स्वतःचं टाकतो. नोंदणी मंजूर झाली की तिची चिठ्ठी कागदावर छापून सोबत ठेवायची. पासपोर्टची मुदत पुढे सहा महिने तरी हवी, आणि मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो हे लक्षात असू द्या. मायचा पासपोर्ट काढताना तर आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं दुसरं, मतदार यादीत तिसरंच. म्हणून म्हणतो, नोव्हेंबरला जायचं तर हे पासपोर्टचं काम आत्ता उन्हाळ्यात उरका. ऊन आहे तोवर घरात बसून दुसरं करायचं तरी काय!

खाण्याचं मला फार टेन्शन नाही. शहरात त्सिम शा त्सुईला चुंगकिंग मॅन्शन्स नावाची जुनी इमारत आहे, तिच्यात भारतीय खानावळी आहेत. बाकी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि झटपट उपम्याची पाकिटं. तरी मायने विचारलंच, "तठे भाकर भेटी का?" भेटणार नाही. मग तिने स्वतःच ठरवलं, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि लोणचं तिच्या पिशवीत. लोणच्याची बरणी हातातल्या सामानात चालत नाही हे तिला सांगायचं काम सध्या कुणीच अंगावर घेत नाहीये.

नोव्हेंबरमध्ये म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुणी जाऊन आलं असेल तर एवढं सांगा, पार्कात भाड्याची व्हीलचेअर सकाळी लवकर संपते का? आणि साडूभाऊ, तुम्ही कमेंटमध्ये येणारच आहात, तो रेनकोटातला फोटो टाका एकदा.