तारा हव्यातच, वास नको होता

नमस्कार ताई,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत: "सडलेलं सोयाबीन विकतात. वर पांढरी बुरशी, चमच्याला तारा, नाकात झोंबणारा वास. फोडणीला टाकलं तर घरात बसवेना. आणि जाहिरात काय, रक्ताच्या गाठी विरघळतात! बाबांच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या सुटतील म्हणून मागवलं होतं."

आधी तारांचं. त्या असायलाच हव्यात. हे जपानी नाट्टो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. सोयाबीन आपल्या वाशिम जिल्ह्यातलंच. रात्रभर भिजवून, बोटात चुरडेल इतकं शिजवून, गरम असतानाच बॅसिलस सबटिलिस जिवाणूचं विरजण लावतो. ४० अंशांच्या आसपास दिवसभर ठेवलं की दाण्यावर पांढरट साय धरते. ती बुरशी नव्हे, जिवाणूच. हिरवी-काळी लव दिसली तर मात्र खुशाल फेका. जपानात पूर्वी उकळलेल्या तणसात दाणे गुंडाळत. बाकीचे जंतू मरायचे, या जिवाणूचे चिवट बीजाणू तगायचे. मणिपूरचं हवाईजार, नागालँडचं आखुनी याच गोतावळ्यातलं. आमच्या सासूबाई पहिल्या खेपेला म्हणाल्या होत्या, "हे ढोरांपुढंही टाकू नको." आता भाकरीसोबत कांदा-तिखट घालून खातात, नाक मुरडतच.

थोडा वास असतोच. पण झोंबणारा वास अमोनियाचा. जिवाणूंचे एन्झाइम प्रथिनं तोडत राहतात, उन्हात तर जास्तच, आणि शेवटी अमोनिया सुटतो. तुमचं पार्सल आम्ही मे महिन्यात, तेही शनिवारी, बर्फाच्या दोन पिशव्यांच्या भरवशावर पाठवलं. रविवारभर ते गोदामात पडून. कुरिअरवाल्याला काय बोलणार, अक्कल आमची गेली होती. पैसे आजच परत पाठवतो. आता उन्हाळ्यात पार्सल फक्त सोमवारी आणि मंगळवारी निघेल.

फोडणी दिलीत त्यात चूक नाही, मणिपूर-नागालँडात शिजवूनच खातात. पण गाठी विरघळवणारं म्हणून ज्या नाट्टोकायनेज एन्झाइमसाठी तुम्ही हे मागवलं, ते कढईत टिकत नाही.

जाहिरातीचं जिव्हारी लागलं, कारण तिथं तुमचं खरं आहे. हे एन्झाइम फायब्रिन, म्हणजे रक्ताची गाठ बांधणारं प्रथिन, विरघळवतं असं जपानी संशोधक हिरोयुकी सुमी यांनी १९८७ साली मांडलं. पण काचेच्या बशीत विरघळणं वेगळं आणि माणसाच्या शिरेत वेगळं. वाटीभर नाट्टोनं गाठ जाते असं लिहायचा आम्हाला काय अधिकार? ते पोस्टर काढलंय.

आणि ताई, बाबांच्या गोळ्या कृपा करून बंद करू नका. नाट्टोत के-२ जीवनसत्त्व भरपूर असतं, ते वॉरफेरिनसारख्या गोळीचा असर उलट कमी करतं. त्यांना हे देऊ नका, आणि चमचाभर जरी खाल्लं असेल तरी डॉक्टरांच्या कानावर घाला. ही सूचना पाकिटावर पहिल्या दिवसापासून हवी होती. काल रात्रीपासून घरातले सगळे उरलेल्या पाकिटांवर तीच चिठ्ठी चिकटवत बसलोय, म्हणून उत्तराला उशीर झाला.