माननीय लाओस, प्लग रिकामा आहे का?

परवा मी एका एक्स्टेन्शन बोर्डाचे ४५० रुपये भरले. बोर्ड माझा नव्हता, हरवलाही मी नाही. पण रजिस्टरात सही लाओसची होती, आणि लाओस म्हणजे मी.

एका कॉलेजात आग्नेय आशियावर लुटुपुटुची मंत्रिपरिषद होती, म्हणजे पोरांनी एकेक देश वाटून घ्यायचा आणि त्याच्या वतीनं बोलायचं. 'ॲडव्हान्स्ड' म्हणे, म्हणजे नोंदणी फी जास्त आणि जेवणात पनीर. विषय होता आसियान या तिथल्या देशांच्या संघटनेची २०१२ ची बैठक, कंबोडियातल्या नॉम पेन्हची. दक्षिण चिनी समुद्रावरून तिथे असं वाजलं की आसियानच्या ४५ वर्षांत पहिल्यांदाच संयुक्त निवेदन निघालं नाही. तेव्हाच्या दहा सदस्य देशांत समुद्रकिनारा नसलेला एकच देश, लाओस. तो माझ्या वाट्याला. तीन आठवडे अभ्यास केला हो मी!

माझी खुर्ची भिंतीलगत होती आणि त्याच भिंतीत हॉलमधला एकमेव चालू सॉकेट. आता खरा लाओस स्वतःला आग्नेय आशियाची बॅटरी म्हणवतो, धरणं बांधून थायलंडला वीज विकतो. हे कुणी वाचलं होतं असं नाही, पण मला पहिली चिठ्ठी आली ती थायलंडचीच. 'माननीय लाओस, प्लग रिकामा आहे का?' मग फिलिपिन्स, मग मलेशिया. तीन दिवसांत चौदा चिठ्ठ्या, चौदाही विजेच्या. खरा लाओस निदान पैसे घेतो.

शेवटी बोर्ड मागायला शिपाईमामांकडे गेलो.

"नाव?"

"लाओस." सवयीनं तोंडातून गेलं.

मामांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "आडनाव?"

"आडनाव नाही मामा, देश आहे."

"देशाला बोर्ड देत नसतो मी. मागल्या वर्षी जर्मनीनं नेला. आला का परत?"

"आम्ही पळणार कुठं? पाच शेजारी आहेत, समुद्र नाही."

मामा विचारात पडले. "चहूकडून दुसऱ्याचीच जमीन?"

"हो."

"मग वाटेची भांडणं असणार. आमच्या रानाला पण वाट नाही. भावकीच्या बांधावरून जावं लागतं, ते पण त्यांची मर्जी असली तर." एकदम जिव्हाळ्यानं त्यांनी बोर्ड काढला, वायर झटकली, सही घेतली. "परत देताना वापरणाऱ्या सगळ्यांनी इथं येऊन सांगायचं, दिला म्हणून. एक जरी नाही म्हणला तरी मी जमा लिहिणार नाही."

आसियान एकमतानं का चालते आणि एकमतानंच का अडते, यावर मी चाळीस पानं वाचली होती. मामांनी एका वाक्यात उरकलं.

ब्लेझरबद्दलही बोलायचं होतं, पण जाऊ दे. जुलैतल्या पुण्यात, बंद पंख्याखाली, व्हिएतनामनं वडिलांच्या लग्नातला कोट घातला होता एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी मला पंचेचाळीस सेकंद मिळाले. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं लाओसवर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. सरासरी काढली तर नऊ वर्षं, दिवसरात्र, दर आठ मिनिटांनी एक विमानभर. न फुटलेले अजून शेतात निघतात, पोरं चेंडू समजून उचलतात. मी 'शेतात' पर्यंत आलो आणि ब्रुनेईचा फोन चार्जरसकट खाली पडला. अख्खी परिषद वाकून बघायला लागली, काचेला तडा गेला का. अध्यक्षबाईसुद्धा. तडा नव्हता. माझे सेकंद संपले होते.

याचा मला अजून राग येतो. विनोद करून बघितला, जात नाही.

संयुक्त निवेदन आमचंही निघालं नाही. २०१२ मध्ये यजमान कंबोडिया अडून बसला होता. आमच्या कंबोडियाला संध्याकाळची इंद्रायणी गाठायची होती. तेव्हा इंडोनेशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी राजधान्यांचे उंबरे झिजवून आठवड्याभरात सहा कलमांवर तडजोड घडवली. आमचा इंडोनेशिया सर्टिफिकेटच्या रांगेत होता. बक्षीस सिंगापूरला गेलं. तीन दिवस तो 'थँक यू, चेअर' एवढंच बोलला, पण उच्चार फार छान.

वळून बघतो तर बोर्ड गायब. मामांपुढे एकटाच उभा राहिलो.

"बाकीचे देश?"

"गेले."

मामांनी पावतीपुस्तक उघडलं.

काल रात्री थायलंडचा मेसेज आला, 'माझा चार्जर चुकून तुझ्या बॅगेत आलाय का?'

आलाय. पण तो परत द्यावा की नाही, यावर लाओसमध्ये अजून एकमत झालेलं नाही.