हातचा विसरून फिरायला

डॉक्टरांनी मला रोज सकाळी पाऊण तास चालायला सांगितले, तेव्हा वेग किती असावा ते सांगितले, बूट कसे असावेत ते सांगितले, वाटेत वडापाव खाऊ नये हे तर दोनदा सांगितले. मात्र सोबत कोणाला नेऊ नये याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत सहावीतली नात डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बूट घालून दारात उभी राहिली, तेव्हा मला अगदी भरून आले. तिच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात आजीच्या शिवणाच्या डब्यातली टेप होती, या गोष्टीकडे मी प्रेमाच्या भरात दुर्लक्ष केले.

"टेप कशाला गं?" असे मी जिना उतरताना विचारले.

"शाळेचा प्रकल्प आहे, आजोबा. 'परिसरातील गणित'. बाहेर फिरायचं आणि जिथे गणित दिसेल ते वहीत लिहायचं. बाईंनी सांगितलंय, घरातल्या मोठ्या माणसाची मदत घ्या."

मी निवृत्त होईपर्यंत शाळेत मराठी शिकवले. ते भाषेवरच्या प्रेमापोटी शिकवले असे मी निरोप समारंभात सांगितले आणि ते खोटे नव्हते. परंतु मराठीच्या शिक्षकाला बेरीज फक्त गुणांची करावी लागते आणि तीही वर्गातली एखादी हुशार मुलगी तपासून देते, हेही एक कारण होतेच. मॅट्रिकला मला गणितात पस्तीस गुण होते आणि त्यांतले पाच कृपेचे होते. माझा मूळ दोष असा की, वजाबाकी करताना मी शेजारच्या घराकडून हातचा घेतो आणि तो घेतल्याचे त्या घराला कळवायचे विसरतो. हीच सवय पैशांच्या बाबतीत असती तर आज मी बंगल्यात राहत असतो.

गणिताला असे रस्त्यावर आणण्याची एक ठरीव रीत 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात आखली गेली. शहरातून हिंडायचे, ठरलेल्या ठिकाणी थांबायचे आणि समोरच्या इमारतीवर, पायऱ्यांवर किंवा फरशीवर बेतलेला प्रश्न तिथेच सोडवायचा, अशी ती रीत आहे. मेलबर्नचे पदपथ चांगले ऐसपैस असावेत. आमच्याकडे पदपथावर उभे राहून विचार करू लागलेल्या माणसाला मागून "ओ काका, चला ना पुढे" असे ऐकू येते, कारण मागच्याला फास्ट लोकल पकडायची असते आणि त्याच्यापुढे तेवढा एकच प्रश्न असतो.

पहिल्याच वळणावर नात खाली बसली. पेव्हर ब्लॉक षटकोनी होते. एका कोपऱ्यात तीन षटकोन येतात, प्रत्येकाचा कोन 120 अंशांचा, म्हणून तिघे मिळून 360 होतात आणि फट राहत नाही. पंचकोनाचा कोन 108 अंशांचा, तिघांचे 324 होतात आणि 36 अंशांची फट उरते, असे तिने मला समजावले. पुढे गटाराच्या तोंडापाशी तिने सांगितले की, गोल झाकण कसेही फिरवले तरी त्याची रुंदी तेवढीच राहते, म्हणून ते आत पडू शकत नाही, आणि चौकोनी झाकण मात्र कर्णाच्या दिशेने आत घसरते. झाकण गोल का असावे हे मला पटले. ते जागेवर का नव्हते, हे मात्र तिच्या वहीत कुठे बसेना.

मग झाड आले. परीघाला बावीस सप्तमांशाने भागले की व्यास मिळतो, तेव्हा झाडाभोवती टेप गुंडाळायची होती. आजीची टेप दीड मीटरची आणि झाड जुना पर्जन्यवृक्ष, त्यामुळे टेपचे एक टोक नातीने धरले, आणि टेप जिथे संपली तिथे बोट दाबून धरण्यासाठी मला झाडाला मिठी मारावी लागली. सकाळी सात वाजता भर रस्त्यात झाडाला कवटाळून, गाल सालीला टेकवून उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षकाला पाहून त्याचे माजी विद्यार्थी काय करतात, हे मला त्या दिवशी कळले. ते रस्ता ओलांडून पलीकडे जातात. परीघ 220 सेंटिमीटर भरला, म्हणजे व्यास 70 सेंटिमीटर. मुंगळे किती होते याची नोंद वहीत नाही, ती माझ्या मानेवर आहे.

खरा गोंधळ वाण्याच्या दुकानासमोर झाला. नातीला पदपथाची रुंदी हवी होती. तिने टेपचे टोक कडेच्या दगडाला लावले, मी दुसरे टोक घेऊन मागे मागे सरकत दुकानाकडे निघालो आणि ती मोठ्याने आकडे वाचून वहीत लिहू लागली. वाण्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग टेपकडे, मग वहीकडे. एक शब्दही न बोलता त्याने पदपथावरचे कांद्याचे पोते आत ओढले. त्याच्यामागून तेलाचे डबे आत गेले, झाडूंचा भारा गेला आणि शेवटी काजूच्या बरण्यांचे स्टूलही गेले. शेजारच्या इस्त्रीवाल्याने टेबल दोन फूट मागे घेतले. पलीकडचा कटलरीवाला तर आम्ही पोहोचण्याआधीच रिकामा झाला होता. मी घसा खाकरून म्हणालो, "अहो, हा शाळेचा प्रकल्प आहे." त्यावर वाणी हात जोडून म्हणाला, "हो साहेब, कळलं ना. चहा घेणार?" मला साहेब म्हणणारा डोंबिवलीतला हा पहिलाच माणूस. नात मात्र रडकुंडीला आली, कारण तिने पदपथाची रुंदी 1 मीटर 10 सेंटिमीटर लिहिली होती आणि लिहून होईपर्यंत ती 2 मीटर 40 सेंटिमीटर झाली होती.

तिच्या वहीत पुढे 'सर्व गल्ल्या प्रत्येकी एकदाच' असा एक विषय होता. आमच्या वसाहतीतली प्रत्येक गल्ली एकदा आणि एकदाच चालायची, असा तिचा बेत होता. कोनिग्सबर्ग शहरात सात पूल होते, ते प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येते का, या प्रश्नावर ऑयलर या गणितज्ञाने 1736 च्या सुमारास उत्तर दिले की, असे फिरणे शक्यच नाही. ज्या ठिकाणी विषम संख्येने वाटा मिळतात अशी ठिकाणे दोनपेक्षा जास्त असली की माणसाने बाहेर पडूच नये. फिरणे अशक्य आहे हे पुराव्यानिशी मांडणारा गणितज्ञ मला तत्काळ आवडला. आमच्याकडची तिठ्यांची संख्या मी खिडकीत बसूनच मोजली, ती सहा भरली, आणि आम्ही घरी राहिलो.

घरी राहिलो म्हणजे सुटलो, असा माझा समज होता. परंतु इमारतीला जिना होता. जिन्याच्या एका टप्प्यात आठ पायऱ्या. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढायच्या, तर आठ पायऱ्या किती वेगवेगळ्या प्रकारांनी चढता येतील, असा प्रश्न होता. मी "बऱ्याच" असे उत्तर दिले. ते वहीत लिहिण्याजोगे नव्हते.

"शेवटचं पाऊल बघा ना, आजोबा. ते एका पायरीचं असलं तर त्याच्या आधी आपण सातवीवर होतो. दोन पायऱ्यांचं असलं तर सहावीवर. म्हणजे सातपर्यंतचे प्रकार आणि सहापर्यंतचे प्रकार यांची बेरीज."

एक पायरी असेल तर एक प्रकार, दोन असतील तर दोन, मग तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस, चौतीस. ती बोलत होती आणि माझ्या डोक्यात कुठेतरी फळा दिसू लागला. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन मात्रा. आठ मात्रा लघु-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येतील? चौतीस. विरहांक या प्राकृत छंदशास्त्रकाराने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने हा हिशेब मात्रावृत्तांसाठी मांडून ठेवला होता, आणि ज्याच्या नावाने ही संख्यांची रांग जगभर ओळखली जाते त्या फिबोनाचीचा ग्रंथ 1202 मधला, म्हणजे या दोघांनंतरचा. पादाकुलक या मात्रावृत्ताच्या सोळा मात्रांचे 1597 प्रकार होतात. म्हणजे एवढी वर्षे मी वर्गात 'लघु लघु गुरू' असे ओरडत गणित शिकवत होतो आणि त्याचा वेगळा भत्ता मला कोणी दिला नव्हता.

माझ्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून नात म्हणाली, "मग सगळे चढून बघू या?" लघु म्हणजे एक पायरी आणि गुरू म्हणजे दोन, असे मोठ्याने म्हणत आम्ही चढू लागलो. तेराव्या प्रकाराच्या शेवटच्या गुरूला माझ्या उजव्या गुडघ्याने यतिभंग केला. तोवर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी आमच्या हिला फोन करून हळूच विचारले होते, "सर बरे आहेत ना? मघापासून वर जातात, खाली येतात, घर सापडत नाही की काय त्यांना?"

तिसऱ्या दिवशी आम्ही नऊच्या उन्हात इमारतीची उंची मोजली. माझी काठी 90 सेंटिमीटरची, तिची सावली 120 सेंटिमीटरची. इमारतीची सावली 16 मीटर भरली, म्हणजे उंची 12 मीटर. उत्तर येण्याआधी सोसायटीचे चेअरमन आले. "सर, कोणत्या बिल्डरकडून?" असे त्यांनी आवाज उतरवून विचारले, आणि संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर अशी बातमी पोहोचली की, रिडेव्हलपमेंटची मोजणी झाली असून सरांनी स्वतःसाठी वाढीव चटईक्षेत्र परस्पर ठरवून घेतले आहे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही फडके रोडला गेलो. गणेश मंदिरापाशी नव्या कुर्त्यांची आणि साड्यांची एवढी दाटी होती की, एका चौरस मीटरमध्ये माणसे किती, हे मोजायला गेलेली नात स्वतःच त्यांत मोजली गेली. परतताना स्टेशनजवळ शेअर रिक्षाच्या रांगेत उभे असताना तिने कापरेकरांचे नाव काढले. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी संख्यांच्या एका घराण्याला 'डेम्लो' हे नाव दिले ते आमच्या स्थानकावरून, कारण मुंबईपासून 30 मैलांवरच्या या ठिकाणीच त्यांना ती कल्पना सुचली. 111 ला 111 ने गुणले की 12321 येतात, हे त्याच घराण्यातले एक देखणे अपत्य. डोंबिवली स्थानकात गाडीची वाट पाहताना माणसाला काय काय सुचते हे मी अनेक वर्षे अनुभवले आहे. पण ते छापण्याजोगे निघाल्याचे हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे.

"आजोबा, समोरच्या रिक्षाचा नंबर घ्या. चारही अंक सारखे नकोत. मोठ्यापासून लहान असे मांडा, मग उलटे मांडा, आणि वजा करा. उत्तराचं पुन्हा तसंच करायचं."

रिक्षाचा क्रमांक 4729 होता. 9742 मधून 2479 वजा करायचे. मी वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली, दोनातून नऊ जाईनात म्हणून हातचा घेतला आणि उत्तर लिहिले, 7273.

"काका, चुकलं. बहात्तर त्रेसष्ट," असे रिक्षावाला आरशातून पाहत म्हणाला. त्याच्या हातात फोनचा कॅल्क्युलेटर होता.

मराठीच्या शिक्षकाला आरशातून चूक दाखवली गेली तर तो काय करील? मी म्हणालो, "तुमचं तुम्ही करा, माझं मी करतो." मागच्या सीटवरचे दोन प्रवासी माझ्या बाजूचे झाले, तिसरा रिक्षावाल्याच्या. त्याचे 5265 आले, माझे 5355. त्याचे 3996, माझे 1998. रांगेतून कोणीतरी "अहो, रिक्षा सुटणार आहे की नाही?" असे ओरडले आणि पुढे येऊन वहीत डोकावून तिथेच थांबले. त्याचे 6264, माझे 8082. त्याचे 4176, माझे 8532. सहाव्या वजाबाकीला त्याने फोन वर धरला. "एकसष्ट चौऱ्याहत्तर!" मी वही फिरवली. माझेही 6174 आले होते.

चार अंक सगळे सारखे नसतील तर फार तर सात वजाबाक्यांत 6174 येतात, आणि एकदा आले की तिथेच फिरत राहतात, हे कापरेकरांनी दाखवले. 1975 मध्ये एका अमेरिकन मासिकातल्या लेखामुळे त्यांचे नाव जगभर झाले. मला या शोधाचे मोल वेगळेच वाटते. हातचा विसरूनही जिथे बरोबर उत्तरापाशी पोहोचता येते असे गणित एका मराठी शाळामास्तराने शोधून ठेवले होते आणि मॅट्रिकच्या परीक्षेला ते मला कोणी विचारले नव्हते. रिक्षावाल्याने त्या दिवशी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. नातीने वहीत 'आजोबांची 1 चूक, तरी उत्तर बरोबर' अशी नोंद केली आणि खाली माझी सही घेतली.

तेव्हापासून मला रस्त्यात एकही वाहन सुखाने पाहता येत नाही. सिग्नलला थांबलेल्या मोटारीसमोर मी ओठ हलवत उभा राहतो आणि चालक काच वर घेतात.

पाडव्याला चेअरमनांनी नवी गाडी आणली. सगळी सोसायटी खाली जमली. त्यांनी पेढ्यांचा खोका उघडला, हार सरळ केला आणि क्रमांकाच्या पाटीवरून हात फिरवत सांगितले की, हा क्रमांक मिळवायला वेगळे पैसे मोजावे लागले. पाटीवर चार साते होते. मी नातीचा हात घट्ट दाबला, पण उशीर झाला होता.

"काका, याचं काहीच होत नाही," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "एवढ्या सगळ्या नंबरांत फक्त असल्याच नंबराचं उत्तर शून्य येतं."

खोका आमच्यासमोरून तसाच पुढे काकूंकडे गेला.