‘बुजऱ्या पोरांना इंटर्नशिपला पाठवू नका’ हा मेसेज पुढं ढकलणाऱ्यांना

आमच्या सांगली-मिरजेच्या निम्म्या फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की माणसाचा स्वभाव अठराव्या वर्षी पक्का होतो, अंतर्मुख मुलं आजच्या बदलत्या नोक‍ऱ्यांत टिकत नाहीत म्हणून त्यांना फिल्डवर पाठवू नका, इंटर्नशिप म्हणजे नुसतं फुकट राबणं, आणि त्यापेक्षा सोळा प्रकारांची पर्सनॅलिटी टेस्ट करा आणि करिअर आत्ताच फिक्स करा. खाली टेस्टची लिंक, अर्थात पैसे भरून.

माझी भाची बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात तिची ओजेटी, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, ठरली होती. हे वाचून ती म्हणाली, मामा मी इंट्रोव्हर्ट आहे, मला नाही जमायचं, मी नाव काढून घेते. आणि ताई म्हणती, बरोबरच आहे तिचं, पहिल्यापासून बुजरीच आहे ती. म्हणून हे लिहायला बसलोय.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो, अंतर्मुख पोरांचा. बदलत्या कामाशी जुळवून घ्यायची जी ताकद असते तिला करिअर अ‍ॅडॅप्टॅबिलिटी म्हणतात आणि ती मोजायची पट्टी 2012 साली मार्क सॅविकास आणि एरिक पोर्फेली या करिअरचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी 13 देशांतल्या संशोधकांना घेऊन तयार केली. भारत त्यात नव्हता, पण त्यातले 24 मुद्दे वाचून बघा. पुढचा विचार करतोस का, आपले निर्णय आपण घेतोस का, आजूबाजूला काय चाललंय ते शोधतोस का, अडचण आली तर सोडवतोस का. चार भाग आहेत, पुढची काळजी, स्वतःवर ताबा, कुतूहल आणि भरवसा. ‘तू बोलका आहेस का’ हे त्यात कुठंच नाही! आणि सॅविकास या चार गोष्टींना जन्माचा शिक्का मानतच नाहीत, शिकण्यातून आणि अनुभवातून त्या वाढतात असंच त्यांचं म्हणणं आहे.

आता हेच यार्डात बघा. सौद्याच्या वेळी दोन ढीग शेजारी असतात, दोन्ही राजापुरी जातीच्या हळदीचेच, तरी भाव वेगळा निघतो. का निघाला हे गप्प उभं राहून बघणारी पोरगी पण शिकतीच की, ओल बघती, पॉलिश बघती, मग दिवाणजींना एकच प्रश्न विचारती पण नेमका विचारती. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, करताना हमाली, तोलाई बरोबर वजा झाली का हे तपासायला मोठ्यानं बोलावं लागत नाही, लक्ष लागतं. आणि समोर शेतकरी उभा राहून ‘एवढीच रक्कम कशी?’ म्हणून विचारतो तेव्हा उत्तर द्यावंच लागतं, पहिल्यांदा आवाज कापतो, नंतर नाही कापत. भरवसा येतो तो असा. जिला याची सगळ्यात जास्त गरज आहे तिलाच तुम्ही घरी बसवायला सांगताय! आणि हे मुलींनाच जास्त सांगितलं जातं, मुलगा बुजरा असला तर म्हणतात बाहेर पडला की सुधारंल.

स्वभावाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. 2017 साली 90 अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा स्वभावाचे गुण आणि ही ताकद यांचा संबंध दिसलाच, आपणहून पुढाकार घेणाऱ्यांत ती जास्त आढळते. पण संबंध असणं वेगळं आणि दार बंद असणं वेगळं. पुढाकार कमी असलेल्या पोराला कॉलेजनं आणि मालकानं जास्त सांभाळून घ्यावं, रोज एक ठरलेलं काम द्यावं, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

अठराव्या वर्षी स्वभाव पक्का होतो हे तर सरळ खोटं आहे. विशी-तिशीत माणूस जास्त जबाबदार होत जातो हे मानसशास्त्रात कितीतरी वेळा दिसलंय, आणि आपल्याच घरातली कमावती पोरं बघा की.

फुकट राबण्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, मान्य करायलाच लागतंय. पोरांना झेरॉक्स काढायला आणि चहा आणायला ठेवणारी ऑफिसं आहेत, न जाता सर्टिफिकेट देणारीपण आहेत. राज्य सरकारच्या 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना ठरवले, पण शिकत असलेल्या पोरांना ती लागू नाही. त्यामुळं कॉलेजच्या ओजेटीत बऱ्याचदा हातात काही पडत नाही, याचा राग मलापण येतो. मग जागा नीट बघून घ्या ना! काम कोण शिकवणार, कुठली वही किंवा टॅलीची कुठली एंट्री स्वतः करायला मिळणार, मुलींसाठी वेळ आणि जायची-यायची सोय काय, हे आधी जाऊन विचारा. उत्तर धड मिळालं नाही तर दुसरी जागा धरा.

राहिली ती सोळा प्रकारांची टेस्ट. ती माणसाला मधोमध कापून इकडं नाहीतर तिकडं टाकती, अंतर्मुख नाहीतर बहिर्मुख असं, आणि बहुतेक माणसं तर मधेच कुठंतरी असतात. तेवढ्या पैशात पोरीचा यार्डापर्यंतचा एसटी पास निघंल.