घर राहूदे, आधी एजंट काढा

डिचोलीतलं आमचं घर विकायचं हे ठरायला तीन चवथी, म्हणजे तीन गणेशचतुर्थ्या, लागल्या, कारण आम्ही भावंडं एकत्र येतो ती चवथीलाच, आणि गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना असला विषय काढला की आई उठून आत जाते. शेवटी आईनेच विषय काढला. म्हणाली, मी आता पर्वरीच्या फ्लॅटमध्ये, धाकटा पुण्यात, ताई म्हापशाला, मग पावसात तिथल्या अकरा बादल्या कोण रिकाम्या करणार? प्रश्न बरोबर होता. मंगलोरी कौलं, मधोमध राजांगण म्हणजे उघडा चौक, पुढे सोपा आणि तुळशीवृंदावन असं ते आजोबांनी बांधलेलं घर, दिसायला देखणं, पण गळायला लागलं की कुणाचं ऐकत नाही.

आता गोव्यात घर विकणं म्हणजे नुसतं विकणं नसतं. आपल्याकडे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून ठाण मांडून बसलाय, त्यामुळे बहिणीला भावाइतकाच वाटा आणि विकताना नवरा बायको दोघांची सही. म्हणजे आम्ही तिघं, तिघांचे जोडीदार आणि आई, मिळून सात सह्या. मुंडकार म्हणजे आपल्या जागेत हक्काने घर करून राहणारा कुणी आहे का, कूळ आहे का, फॉर्म एक चौदा या जमिनीच्या उताऱ्यावर अजून कुणाचं नाव आहे, हे सगळं तपासून झालं, सातही माणसं सहीला तयार झाली, आणि एजंट नेमायला मात्र माझी एकट्याची सही पुरली. ती मी जानेवारी २०२५ मध्ये डिचोलीच्या बस स्टँडवर त्याच्या स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून केली. पाचशेचा स्टॅम्प पेपर, मागे चार पानं बारीक इंग्रजी. मी पहिलं पान वाचलं. त्यात माझं नाव बरोबर लिहिलेलं होतं, एवढं बघून मला बरं वाटलं.

"काळजीच करू नका बाब, चवथी आधी काढून देतो," तो म्हणाला. कुठल्या सालची चवथ ते मी विचारलं नाही.

आठवड्याभरात जाहिरात झळकली. हेरिटेज पोर्तुगीज व्हिला, सी ब्रीझ. अहो डिचोली नव्या काबिजादीतली, म्हणजे गोव्याच्या मागाहून जिंकलेल्या भागातली, पोर्तुगीज तिथे पोचलेच मुळात अठराव्या शतकाच्या अखेरीला, आणि आमचं घर १९५२ चं, त्यात पोर्तुगीज म्हणावं असं एकच, आजोबांची घरपट्टीची पावती. समुद्राचा वारा आमच्याकडे यायचा तर म्हापशात दोन ठिकाणी चहा घेऊनच येतो. तुळशीवृंदावनाला मेडिटेशन पॉईंट म्हटलेलं आणि राजांगणाखाली लिहिलेलं की इथे प्लंज पूल होऊ शकतो. हे मात्र खोटं नाही, जुलैत तो आपोआप होतो.

मग पार्ट्या यायला लागल्या. दिल्लीच्या, बंगळूरच्या, एक दुबईहून. सगळ्यांचा पहिला प्रश्न बीच किती मिनिटांवर, आणि एजंटाचं उत्तर दर पार्टीगणिक दहा मिनिटांनी कमी व्हायचं. चवथ आली आणि गेली, मी त्याला आठवण केली तर म्हणतो, मी पुढची म्हटलेली. ऑफर एकही नाही. तरी मी गप्प होतो, माणूस फिरतोय, पेट्रोल जाळतोय, म्हटलं होईल. नोव्हेंबरात शेजारच्या काकांचा फोन आला. घराची एक चावी त्यांच्याकडेच असते आणि रोज संध्याकाळी दिवाही तेच लावतात.

"अरे, आपल्या तुळशीचं लग्न परवाच झालं ना?"

"हो काका."

"मग आज परत कोण उभं राहिलंय?"

प्री-वेडिंग शूट! एक मुलगा, एक मुलगी, धुराचं मशीन, दोन ड्रोन, आणि आजीचा ओटीवरचा पाट उचलून मुलगी त्याच्यावर उभी. एजंटाने घर दिवसभर भाड्याने दिलेलं, पैसे त्याच्या खिशात, आणि वर काकांना सांगितलेलं की मालकाला माहीत आहे. त्या दिवशी मी ठरवलं, बस, हा संपला.

संपला म्हणजे मनात संपला. सांगायचं कसं? आपल्याकडे समोरच्याला सरळ नाही म्हणण्याची पद्धत नाही हो. आधी पाऊस, मग नुस्त्याचे म्हणजे मासळीचे दर, मग कुणाच्या मुलीला कुठे दिलं, आणि मूळ मुद्दा निघायची वेळ येते तेव्हा समोरचा स्कूटर चालू करत असतो. फोन केला की सकाळी सातलाही तो मीटिंगमध्ये. मेसेजला उत्तर एकच, फाल्यां येता, उद्या येतो. एकदा मासळी बाजारात अचानक समोर आला तेव्हा मी छाती भरून घेतली, आता बोलतोच, तर त्याने माझ्या हातात सहा बांगडे ठेवले, ताजे, आत्ता आलेत म्हणाला. बांगडे हातात घेऊन माणसाला कामावरून काढता येत नाही. बायको म्हणाली, मग परत द्यायचे. तोवर तिने ते साफही केलेले.

तिचं म्हणणं, जानेवारीत मुदत संपतेच आहे, संपूदे आपोआप. तेव्हा मी पहिल्यांदा चौथं पान वाचलं. ३० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर आपोआप आणखी एक वर्ष. आणि त्याखाली, करार संपल्यावरही सहा महिन्यांत त्याने ओळख करून दिलेल्या कुणीही घर घेतलं तर दोन टक्के त्याचे.

ताईचे यजमान वकील. भावोजींनी चष्मा लावून भारतीय करार कायदा १८७२ उघडला, आणि माणूस एकदम खुलला. कायद्यात घरमालक म्हणजे प्रिन्सिपल. (शाळा होती, प्रिन्सिपल होतो, फक्त वर्गात माझं कुणी ऐकत नव्हतं.) प्रिन्सिपल एजंटाला दिलेला अधिकार काढून घेऊ शकतो, कलम २०१. मी म्हटलं, मग काढला. थांबा म्हणाले. मुदतीचा करार पुरेशा कारणाशिवाय मधेच तोडला तर भरपाई, २०५. वाजवी नोटीस द्यायची, २०६. मी विचारलं ड्रोन हे पुरेसं कारण आहे का, तर म्हणाले धुराचं मशीन पण घालूया.

"आणि हे बघा २०८. एजंटाला कळेपर्यंत त्याच्यापुरता अधिकार संपत नाही. आणि बाहेरच्या लोकांपुरता, त्यांना कळेपर्यंत."

"म्हणजे त्याने कळूनच घेतलं नाही तर?"

"तर तो एजंट."

मी रेराचं, म्हणजे रिअल इस्टेट कायद्याचं, नाव काढलं. त्यांनी हाताने माशी वारली. २०१६ चा तो कायदा एजंटाची नोंदणी मागतो ती रेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमधल्या विक्रीसाठी, तुमच्या आजोबांनी कुठलं प्रोजेक्ट नोंदवलेलं?

नोटीस तयार झाली, दीड पान, वर ठळक अक्षरात आरपीएडी, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट. भावोजी जन्मभर नोटिशीवर आरपीएडी लिहीत आलेले. पोस्टात बाई म्हणाली रजिस्टर्ड बंद झालं, ते आता स्पीड पोस्टात गेलं. भावोजींना फोनवर सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता, मग अगदी हळू आवाजात, बरं, स्पीडने टाका. स्पीडने गेलं ते स्पीडने परत आलं, दार बंद. दुसऱ्यांदा टाकलं. तारखा सरकत होत्या, १५ जानेवारीच्या तीस दिवस आधी म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत ते त्याच्या हातात पडायला हवं होतं आणि तो हात कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी मी उंदरांनी काय काय खाल्लं ते बघायला डिचोलीला गेलो, तर सोप्यावर हा बसलेला. काकांकडून चावी घेऊन. समोर बंगळूरचं एक जोडपं, आणि हा त्यांना सांगतोय की मालक म्हणजे माझा भाऊच. मी दारात उभा. मला बघून म्हणतो, या या, बसा! माझ्याच घरात मी बसलो. तेवढ्यात पोस्टमन आला, सायकल लावली आणि थेट त्याच्यापाशी गेला. "तुमचं आपीस बंद, म्हटलं इथंच असणार."

सहीला पेन माझं दिलं. त्याने पाकीट फोडलं आणि सवयीने मोठ्यानेच वाचायला लागला. पहिल्या परिच्छेदाला आवाज जरा उतरला, ड्रोनपाशी आणखी उतरला, पण थांबला नाही, अगदी भावोजींच्या सहीपर्यंत वाचलं. बंगळूरचं जोडपं एकमेकांकडे बघत होतं. मला मात्र आतून गुदगुल्या, कारण एजंटालाही कळलं आणि बाहेरच्यांनाही कळलं, अख्खं २०८ एका बैठकीत, तेही पोस्टमनच्या साक्षीने!

रागावला असता तर बरं वाटलं असतं. कागद नीट घडी करून खिशात घातला, म्हणाला इंग्लिश बरं आहे, कुणी लिहिलं? आणि बंगळूरला घेऊन गेला, जाताना काकांना हात करून.

आठ दिवसांनी त्याचं उत्तर आलं, सोबत यादी. त्याने घराशी ओळख करून दिलेल्या पार्ट्या, एकूण ५३. दिल्ली, दुबई ठीक. प्री-वेडिंगचा नवरामुलगा. भावोजी, कारण ते एकदा त्याच्या गाडीतून डिचोलीपर्यंत आलेले. आणि १७ नंबरला शेजारचे काका. काकांची त्या घराशी ओळख त्याने करून दिली म्हणे! अहो त्याला आमच्या घराचा संडास कुठे आहे ते काकांनी दाखवलेलं.

आणि नेमकं काकांनाच घर हवंय, मुलगा नोकरी सोडून परत येतोय. पण १५ जुलैपर्यंत ते १७ नंबर. सतरा नंबरला काय, दोन टक्के द्यायचे नाहीत असं कोर्टात भांडता येईल, भावोजी तर बाह्या सरसावून बसलेत, पण आम्हाला नको ते. म्हणून आम्ही कुंपणाशी उभे राहून फणसावर बोलतो. घराचा शब्द नाही. ते आमची कौलं परतून घेतात, मी बघितलं नाही असं करतो.

काल रात्री काकांचा फोन.

"अरे, तो तुझा आलेला. म्हणाला, घर शोधताय ना, मी बघून देतो, अगदी बाजूलाच एक आहे, मालकाला मी ओळखतो."

"काका, सही नाही ना केलीत?"

पलीकडे जरा वेळ काहीच नाही.

"बांगडे आणलेले रे त्याने."