टोळाचा डोळा आणि दिवा नसलेली ट्रॉली

'टोळाच्या डोळ्यावरून ग्राफीनची (कार्बनच्या एकाच थराची) चिप बनली. गाडीत बसवली की रात्रीचे अपघात बंद, कॅमेरा आणि लिडार भंगारात', असा मजकूर सध्या फिरतोय. टक्कर होण्याआधीच इशारा देणाऱ्या चिपचं मूळ संशोधन खरं आहे, आणि फार सुंदर आहे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात सप्तर्षी दास यांच्या गटाने ते २०२० मध्ये आणि पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणूनच त्याची अशी मोडतोड बघवत नाही.

पहिली चूक पदार्थाची. तो ग्राफीन नाही, मॉलिब्डेनम डायसल्फाइड आहे. गॅरेजमधल्या काळ्या मॉली ग्रीसमध्ये असतो तोच, पण इथे त्याचा एकच थर, जेमतेम ०.६५ नॅनोमीटर जाडीचा. फरक किरकोळ नाही. ग्राफीनला बँडगॅप, म्हणजे प्रवाह अडवणारी ऊर्जेची फट, नाही, त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर पुरता बंद होत नाही. अंधारातही प्रवाह चालूच. अंधुक उजेड टिपायचा तर अंधारात गप्प राहणारा पदार्थ लागतो.

'चिप टोळासारखं पाहते' म्हणे. पण टोळ तरी काय पाहतो? २०२०च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली होती. एवढ्या दाटीत उडूनही टोळ एकमेकांवर आदळत नाहीत, याचं बरंचसं श्रेय डोळ्यामागच्या एका मोठ्या चेतापेशीला जातं. तिचं नाव एलजीएमडी. काही अंगावर चालून येऊ लागलं की ती भराभर विजेचे स्पंद सोडते. समोर पक्षी आहे की दुसरा टोळ, याच्याशी तिला देणंघेणं नाही. चिपही चित्र काढत बसत नाही, वाढत्या उजेडाचा थेट इशारा करते. म्हणून तर २०२३च्या मंडलाला (सर्किटला) काही शे पिकोज्यूल ऊर्जा पुरली. एक पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग.

लिडार स्वतः लेसर सोडून अंतर मोजतो. समोर माणूस आहे की फलक, ते कॅमेऱ्यावरून कळतं. आठ मेमट्रान्झिस्टरचं, म्हणजे स्मृती असलेल्या ट्रान्झिस्टरचं, हे मंडल यातलं काहीच करत नाही.

राहिला रात्रीचा मुद्दा, आणि खरा राग याचाच येतो. टक्करीच्या दोन-तीन सेकंद आधी इशारा मिळाला, हे खरं. पण तो समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटचा वाढता प्रकाश ओळखून. गळीत हंगामात रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी असते, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तिचा स्वतःचा उजेडच नाही. चाचणी अशा ट्रॉलीची नव्हती.